सर्पिलाची दोन टोके

एका बिंदूभोवती फिरत फिरत त्याच्यापासून सतत दूर जाणारी रेषा म्हणजे सर्पिल. वर्तुळाला आरंभ नसतो आणि शेवटही नसतो. सर्पिलाला दोन्ही असतात. आतले टोक मध्याशी थांबते, बाहेरचे मोकळे राहते. गणितज्ञाला या मोकळ्या टोकाची फिकीर नसते, कारण त्याची रेषा कागदाबाहेर अनंतापर्यंत जाऊ शकते. दगड टाचणाऱ्या, मडके रंगवणाऱ्या किंवा लाकूड कोरणाऱ्या माणसाला मात्र ती कुठेतरी संपवावीच लागते. मधले वळसे घालणे तितके कठीण नाही. हात एकदा फिरू लागला की ते जमतात. अडते ते दोन ठिकाणी. आत रेषा थांबवायची कशी, आणि बाहेर आल्यावर ती जोडायची कशाला? सजावटीच्या कलांमधल्या सर्पिलाचा इतिहास मुख्यतः या दोन टोकांचा इतिहास आहे. एका समाजाचे सर्पिल दुसऱ्या समाजाच्या सर्पिलापासून वेगळे ओळखू येते, तेही बहुधा टोकांवरूनच.

सर्पिलाशी गल्लत होईल असे काही आकार आधी बाजूला काढावे लागतात. एकात एक काढलेली वर्तुळे लांबून सर्पिलासारखी भासतात, पण बोट ठेवून पाहिले तर प्रत्येक वर्तुळ स्वतःशीच मिटलेले असते. चक्रव्यूहाची आकृतीही निराळी. गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठच्या जांभ्या खडकावर जी कोरीव चित्रे आहेत, त्यांत अशी एक आकृती ठळक दिसते. तिच्यातली वाट मध्याकडे सरळ वळत जात नाही. ती पुन्हा पुन्हा उलटी फिरते. आणि स्क्रूचा आटा किंवा बोटातले वेढे हे मळसूत्री आकार. तिथे रेषा मध्यापासून दूर जात नाही, ती अक्षाच्या दिशेने पुढे सरकते.

खऱ्या सर्पिलाचेही दोन प्रकार कलेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. आर्किमिडीजने इ.स.पू. तिसऱ्या शतकात ज्याचा अभ्यास केला त्या सर्पिलात दोन वळशांमधले अंतर कायम सारखे राहते. देकार्तने 1638 मध्ये ज्याचा विचार केला ते लॉगरिथमी सर्पिल. त्यात हे अंतर प्रत्येक फेऱ्यात ठरावीक पटीने वाढते. शंखशिंपल्यांत दिसते ते बहुतेक हे दुसरे. याकोब बेर्नुली हा स्वित्झर्लंडमधला गणिती या दुसऱ्या सर्पिलाच्या इतका प्रेमात होता, की ते आपल्या समाधीवर कोरावे आणि बदलूनही आपण तेच राहून पुन्हा उठतो अशा अर्थाचे लॅटिन वचन त्याखाली असावे, अशी त्याची इच्छा होती. तो 1705 मध्ये वारला. बाझेलच्या मुख्य चर्चमध्ये त्याचा स्मृतिफलक आजही आहे, पण पाथरवटाने त्यावर कोरले आहे ते समान अंतराचे, आर्किमिडीजचे सर्पिल. गणिताच्या पुस्तकांत ही चूक म्हणून सांगितली जाते. कारागिरीच्या बाजूने पाहिले तर ती समजण्यासारखी आहे. छिन्नीने खोदलेल्या चरीची रुंदी एक, दोन चरींमधल्या कडेची रुंदी एक. ही दोन मापे सांभाळत गेले की समान अंतराचे सर्पिल हाती येतेच. जगभरच्या दगडी आणि लाकडी कामात हेच सर्पिल अधिक आढळते, याचे कारण हत्यारात आहे.

याच संदर्भात एक गैरसमज दूर करायला हवा, कारण डिझाइनच्या वर्गांतून तो वर्षानुवर्षे शिकवला जातो. नॉटिलस या समुद्री जिवाचे कवच सुवर्णगुणोत्तरावर बेतलेले असते आणि म्हणून ते डोळ्याला सुंदर दिसते, असे सांगतात. सुवर्ण सर्पिल एका पूर्ण फेऱ्यात जवळजवळ 6.85 पटीने मोठे होते. नॉटिलसचे कवच एका फेऱ्यात साधारण तिप्पट वाढते. दोन्ही आकृत्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या जुळत नाहीत. कवच सुंदर आहेच, पण त्याच्या सौंदर्याचे हे स्पष्टीकरण खोटे आहे.

गणितातून सर्पिलाचे एकच रहस्य काढण्याचा हा प्रयत्न जसा फसतो, तसाच अर्थाच्या अंगाने केलेला प्रयत्नही फसतो. सर्पिल म्हणजे अनंतत्व, सर्पिल म्हणजे जन्म-मृत्यूचे चक्र, सर्पिल म्हणजे मातृदेवता, अशी विधाने सरसकट केली जातात. त्यांची सर्वांत आवडती साक्ष आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजची. बॉइन नदीच्या खोऱ्यातला हा दगडमातीचा प्रचंड दफनढिगारा इ.स.पू. 3200 च्या सुमाराचा, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुना. त्याच्या पायाला 97 मोठे दगड लावलेले आहेत. प्रवेशाशी आडव्या ठेवलेल्या दगडाचा दर्शनी भाग सर्पिलांनी भरून गेला आहे आणि आतल्या दालनात एकमेकांना बिलगलेली तीन सर्पिले कोरली आहेत. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्योदयाचे किरण दारावरच्या झरोक्यातून लांब बोळ पार करून दालनात पोहोचतात. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली यांनी 1967 मध्ये आत उभे राहून हे पाहिले. इतकी योजनाबद्ध वास्तू म्हटल्यावर त्या तीन सर्पिलांना काही गूढ अर्थ असणारच, असे मनात येणे स्वाभाविक आहे.

अर्थ असेलही. पण तो आज कुणालाही वाचता येत नाही, कारण ते कोरणाऱ्यांनी लिखित असे काहीच मागे ठेवलेले नाही. त्यातून ही तीन सर्पिले दागिन्यांवर आणि गोंदणांत केल्टिक चिन्ह म्हणून विकली जातात. प्रत्यक्षात केल्टिक म्हणून ओळखली जाणारी कला त्यांच्यानंतर अडीच हजारांहून अधिक वर्षांनी सुरू होते. आणखी एक गोष्ट आहे. न्यूग्रेंजच्या काही दगडांवरचे कोरीवकाम मागच्या बाजूला, ढिगाऱ्याच्या आत गाडल्या गेलेल्या भागावर आहे. बांधकाम पूर्ण झाल्यावर ते कुणाच्याही दृष्टीस पडणार नव्हते. म्हणजे पाहणाऱ्याला संदेश देणे हा या कोरीवकामाचा एकमेव हेतू नसावा. कोरण्याच्या क्रियेलाच काही मोल असावे. तीन सर्पिले पाहताना 'याचा अर्थ काय' यापेक्षा 'ही तीन एकमेकांत कशी गेली' हा प्रश्न जास्त फळ देतो. एका वळणाची शेपूट दुसऱ्याच्या पोटाशी नेऊन भिडवल्यामुळे तिघांनाही स्वतंत्र शेवट राहिलेला नाही. पाच हजार वर्षांपूर्वी गारगोटीच्या टोकाने, ठोका ठोका करत, कुणीतरी बाहेरच्या टोकाचा प्रश्न सोडवला होता.

सर्पिल आले कुठून, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात युरोपात मोठा वाद झाला. गोटफ्रीड झेम्पर या जर्मन वास्तुविशारदाने 1860 च्या दशकाच्या आरंभी शैलीविषयीचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. अलंकरणाची मुळे विणणे, वेटाळणे, घडवणे अशा क्रियांत शोधावीत, असा त्याचा रोख. त्याच्या अनुयायांनी हा विचार फार ताणला. सगळी नक्षी तंत्रातून आपोआप निपजते, असे ते म्हणू लागले. सर्पिलाबाबत त्यांच्याजवळ पुरावाही होता. कांस्ययुगाच्या अखेरीस आणि लोहयुगाच्या आरंभी मध्य युरोपात कपडा अडकवायला एक प्रकारचे आकडे वापरीत. एकच तार दोन्ही टोकांकडून गुंडाळत आणली की शेजारी शेजारी दोन सर्पिले तयार होतात आणि मधे थोडी तार उरते. आज त्यांना चष्म्याच्या आकाराचे आकडे म्हणतात. तार लवचीक असल्याने गुंडाळी हेच तिचे सर्वांत सोपे रूप. मग दगडावरचे आणि मातीवरचे सर्पिल हे धातूच्या तारेची नक्कल, असे अनुमान निघाले.

हे अनुमान आलोइस रीगल याने खोडून काढले. व्हिएन्नाच्या कला व उद्योग संग्रहालयात तो कापडविभागाचा संग्रहाधिकारी होता. रोज हाताखालून जाणाऱ्या वस्त्रांमुळे तंत्राची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही त्याला ठाऊक होत्या. शैलीच्या प्रश्नांवरचा त्याचा ग्रंथ 1893 मध्ये निघाला. त्यात त्याने न्यूझीलंडच्या माओरींचा दाखला दिला. युरोपीय तिथे पोहोचेपर्यंत माओरींना धातू माहीत नव्हता, तरी त्यांच्या लाकडी कामात आणि चेहऱ्यावरच्या गोंदणात सर्पिल हाच प्रधान आकार होता. तारच नसताना तारेची नक्कल होणार कशी? माल्टातली तार्शीनची देवळेही हेच सांगतात. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाच्या आसपासच्या त्या दगडी पट्ट्यांवर उठावात कोरलेली सर्पिले अत्यंत रेखीव आहेत आणि त्या काळी बेटावर धातूची हत्यारे नव्हती.

उलट टोकाला विल्यम गुडइयर हा अमेरिकन अभ्यासक होता. 1891 च्या ग्रंथात त्याने जवळजवळ सगळ्या नक्षीचा उगम इजिप्तच्या कमळात शोधला. सर्पिलही कमळाच्या वळलेल्या पाकळीतून आले, असे त्याचे म्हणणे. केंब्रिजचा आल्फ्रेड हॅडन 1895 मध्ये न्यू गिनीकडचे पुरावे घेऊन आला. तिथल्या कोरीवकामात पक्ष्याचे डोके पुन्हा पुन्हा काढले जाता जाता त्याचे नुसते वळण उरते, हे त्याने नमुने लावून दाखवले. पुढे 1920 च्या दशकात हाइनरिश क्लूव्हर या मानसशास्त्रज्ञाने गुंगी आणणाऱ्या वनस्पतीच्या प्रभावाखाली माणसांना जे आकार दिसतात त्यांची नोंद केली. त्यात जाळी आणि बोगद्याबरोबर सर्पिलही होते. म्हणजे तार, कमळ, पक्षी, मेंदू असे चार उगम पुढे आले.

यांतला एकही साफ खोटा नाही आणि एकही पुरेसा नाही. सर्पिल अनेक वाटांनी, अनेकदा, स्वतंत्रपणे सापडलेले आहे. मेंदूत ते असले तरी मेंदू त्याची शेपूट कुठे न्यायची ते सांगत नाही. तारेने ते सुचवले तरी मडक्याच्या फुगीर खांद्यावर ते कसे बसवायचे, हे तार शिकवत नाही. उगमाचा शोध म्हणूनच फार लवकर वांझ होतो. रीगलची खरी थोरवी उगमाचा वाद जिंकण्यात नाही. रेषा एकदा अवतरली की पुढे तिचे काय होते याचा त्याने माग काढला, त्यात ती आहे.

तो माग इजिप्तपासून निघतो. थीब्जच्या खडकात खोदलेल्या अठराव्या राजवंशाच्या काळातल्या थडग्यांची छते रंगवताना सर्पिले सुटी ठेवलेली नाहीत. एकातून बाहेर पडणारी रेषा दुसऱ्याच्या मध्यात शिरते आणि तिथून फिरून तिसऱ्याकडे जाते. अशी धावती सर्पिले आडवी-उभी दोन्हीकडे जोडली की सगळे छत एकाच विणीत येते. मात्र जिथे दोन वळणे फाकतात तिथे पाचरीसारखी मोकळी जागा उरते. इजिप्तच्या चित्रकाराने ती कमळाने भरली. रीगलने या पाचरीवर बोट ठेवले. फाकलेल्या वळणांच्या बेचक्यात फूल बसवायची सवय एकदा लागली, की वळण म्हणजे देठ आणि फूल म्हणजे त्याला आलेला बहर, असे नाते डोळ्याला दिसू लागते. भूमितीची रेषा अशा रीतीने वनस्पती बनते. तिथून ग्रीकांची लहरती वेल, तिथून रोमन पानवेल आणि शेवटी इस्लामी अरबेस्क, अशी सलग वंशावळ रीगलने मांडली.

वेलीत बाहेरच्या टोकाचा प्रश्न पुरता मिटतो. मधून एक लाटेसारखी रेषा जाते, आळीपाळीने वर आणि खाली फांद्या फुटतात, प्रत्येक फांदी आत वळून पानात किंवा फुलात संपते. कुठलेच सर्पिल लोंबकळत राहत नाही आणि पट्टी हवी तितकी लांबवता येते. भारतात या रचनेला स्वतःचे तेज लाभले. सारनाथच्या धामेक स्तूपावरचा गुप्तकालीन कोरीव पट्टा त्याचा उत्तम नमुना. त्यात ताठ भूमिती आणि वळणदार वेल एकमेकींशेजारी आहेत, त्यामुळे दोघींतला फरक एका नजरेत कळतो. महाराष्ट्रातल्या जुन्या देवळांच्या दारांवर एकाआड एक शाखा कोरलेल्या असतात, त्यांतली पानवेलीची पत्रशाखा याच रचनेची. पैठणीच्या काठावरची असावलीची वेलही याच कुळातली, पण मागावर तिला गोल वळण घेता येत नाही. ताणा आणि बाणा काटकोनात असल्याने वळण बारीक पायऱ्यांनी साधावे लागते. जाड सुतात हेच करायला गेले तर सर्पिल चौकोनी होते. शांग काळातल्या चिनी कांस्यपात्रांवर जमीन भरायला जी चौकोनी सर्पिले आहेत ती मातीच्या साच्याच्या कामातून आलेली. तिथे चौकोन ही निवड आहे, सक्ती नाही.

मध्याचा प्रश्न सर्वांत चिकाटीने हाताळला तो ग्रीकांनी, आयोनिक स्तंभाच्या माथ्यावर. खांबाच्या माथ्यावरून एक जाड पट्टा दोन्ही बाजूंना ओघळतो आणि आत गुंडाळला जातो. ही गुंडाळी कुठे थांबवायची? ग्रीकांनी मधोमध एक छोटी गोल टिकली ठेवली आणि तिला डोळा म्हटले. रेषा निमुळती होत डोळ्याला स्पर्श करते आणि थांबते. अथेन्सच्या एरेक्थेऑन मंदिरात (इ.स.पू. पाचव्या शतकाचा शेवट) या गुंडाळीच्या कडा एकाऐवजी अनेक पदरी आहेत आणि सगळे पदर एकाच डोळ्याकडे धावतात.

रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने इ.स.पू. पहिल्या शतकात ती काढण्याची रीत लिहून ठेवली. गुंडाळीची उंची आठ भाग, डोळ्याचा व्यास एक भाग. डोळ्याच्या मध्यापासून वर साडेचार भाग आणि खाली साडेतीन. वरून सुरुवात करून प्रत्येक पाव फेऱ्यात त्रिज्या डोळ्याच्या व्यासाच्या निम्म्याने कमी करत जायची: साडेचार, चार, साडेतीन, तीन, अडीच. म्हणजे घट सारखी आहे, पटीत नाही. ही रीत आर्किमिडीजच्या सर्पिलाजवळची आहे, शंखाच्या नव्हे. व्हिट्रुव्हियसने सोबत आकृती दिल्याचे म्हटले आहे, पण ती हरवली. शब्द उरले आणि चित्र गेले. या एका आकृतीच्या पुनर्रचनेवर प्रबोधनकाळातल्या वास्तुविशारदांनी पिढ्यान्‌पिढ्या डोके खर्ची घातले, कारण कंपासच्या वेगवेगळ्या मध्यांतून काढलेल्या कमानी एकमेकींना कुठेही कोपरा न पडता जुळाव्यात, हे शब्दांत सांगणे आणि प्रत्यक्षात उतरवणे यांत बरेच अंतर आहे.

आयोनिक माथ्याची दुसरी अडचण बाहेरच्या बाजूची. गुंडाळ्या फक्त पुढून आणि मागून दिसतात. बाजूने पाहिले तर लोडासारखा भाग दिसतो. रांगेतल्या खांबांना हे चालते, पण देवळाच्या कोपऱ्यावरचा खांब दोन दर्शनी बाजूंना एकाच वेळी तोंड देतो. ग्रीकांनी तिथली बाहेरची गुंडाळी 45 अंशांत वळवून पुढे काढली. दोन्ही बाजूंना ती अर्धी अर्धी दिसते. उपाय थोडा ओढाताणीचा आहे, आणि जवळून पाहिले तर तो ओढाताणीचा दिसतोही. पुढे इटलीतल्या स्कामोझीने 1615 च्या ग्रंथात चारही कोपऱ्यांना तिरप्या गुंडाळ्या असलेला माथा रूढ केला. प्रश्न सुटला, पण पट्टा ओघळून वळल्याचा मूळ भास गेला. ग्रीकांची ओढाताण जास्त सच्ची वाटते.

एका मध्यातून एकच रेषा निघावी असा नियम नाही. इ.स.पू. पाचव्या शतकापासून मध्य आणि पश्चिम युरोपात पसरलेल्या ला तेन शैलीच्या कारागिरांनी कंपास हाती घेतला आणि एकाच मध्यातून दोन, तीन, चार रेषा सोडल्या. प्रत्येक रेषा बाहेर येताना रुंदावते, कर्ण्याच्या तोंडासारखी होते आणि समोरून येणाऱ्या दुसऱ्या कर्ण्याला मिळते. दोघांमध्ये एक बारीक डोळ्याच्या आकाराची फट राहते. ही रीत शेकडो वर्षे टिकली आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या ब्रिटन-आयर्लंडच्या बेटांवर हस्तलिखितांत उतरली. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न मठात आठव्या शतकाच्या आरंभी तयार झालेली गॉस्पेलची पोथी आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या काही पानांच्या मागच्या बाजूला कंपासची भोके, शिशाच्या टोकाने आखलेल्या रेषा आणि चौकटी दिसतात. पुढच्या बाजूला जे वळण श्वासाइतके सहज वाटते, ते मागे टोचून, मोजून, आखून आधी ठरवलेले आहे. सर्पिलाला मुक्त, उत्स्फूर्त रेषा म्हणणाऱ्यांनी ही मागची बाजू पाहिली पाहिजे.

कर्ण्यांच्या या खेळाहून माओरींचे सर्पिल मुळातच निराळे. युद्धाच्या मोठ्या होडीच्या नाळेवर दोन भली थोरली सर्पिले आरपार कोरलेली असत. प्रत्येकात दोन रेषा मध्यातून निघून एकमेकींना बिलगून फिरतात, आणि त्यांच्यामधली जागा कोरून काढल्यामुळे तिच्यातून आकाश आणि पाणी दिसते. इथे लाकूड जितके महत्त्वाचे तितकीच पोकळी. आकाशपिता रांगी आणि भूमाता पापा एकमेकांपासून विलग झाले आणि मध्ये प्रकाश आला, या सृष्टिकथेशी ती पोकळी जोडली जाते. अर्थाच्या बाबतीत इथे अंदाज बांधावा लागत नाही. परंपरा जिवंत आहे आणि तिचे लोक तो अर्थ स्वतः सांगतात. न्यूग्रेंज आणि न्यूझीलंड यांच्यातला हा फरक फार मोठा आहे. दोन्हींना 'सर्पिल प्रतीक' या एका सदरात टाकणारे पुस्तक दोन्हींवर अन्याय करते.

सभागृहांच्या तुळयांवर रंगवला जाणारा कोरू आणखी वेगळा. तो बहुतेकदा एक पूर्ण फेराही घेत नाही. देठ वळतो आणि आतले टोक निमुळते होण्याऐवजी फुगीर गोळ्यात संपते, नेच्याचे न उलगडलेले कोवळे पान जसे असते तसे. ग्रीक डोळा रेषेला थांबवतो. कोरूचा गोळा हीच रेषेची परिणती असते. लाल, काळ्या आणि पांढऱ्या रंगांत मागची जमीन आणि पुढचा आकार यांची अदलाबदल सतत चालू राहते.

चेहऱ्यावरच्या मोको गोंदणात सर्पिल नाकपुड्यांवर आणि गालांवर येते. ते सुईने टोचलेले नसे. छिन्नीने कातडीत चर पाडलेली असे. प्रत्येकाचा मोको वेगळा, त्याच्या कुळाचा आणि दर्जाचा. ते पेही कुपे हा सरदार 1820 च्या दशकात इंग्लंडला गेला, तेव्हा त्याने आरशाशिवाय, केवळ आठवणीने, स्वतःच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ कागदावर काढून दिली. ते रेखाटन 1830 मध्ये जॉर्ज क्रेकच्या न्यूझीलंडवरील पुस्तकात छापले गेले. गोरा माणूस आपले नाव लेखणीने लिहितो, आपले नाव मात्र कपाळावर आहे, अशा आशयाचे त्याचे बोलणेही तिथे नोंदलेले आहे. ब्रिटिशांशी झालेल्या 1840 च्या वाइतांगी करारावर काही सरदारांनी मोकोतला भाग काढूनच सही केली. जगाच्या इतिहासात सर्पिलाला इतका नेमका आणि इतका वैयक्तिक अर्थ क्वचितच मिळाला असेल. ते एका माणसाची ओळख सांगणारे होते, अनंतत्वाचे प्रतीक नव्हते.

महाराष्ट्रात सर्पिलाचे सर्वांत परिचित रूप वारली चित्रातला तारपा नाच. पालघर जिल्ह्यातल्या वारल्यांच्या घरांत लग्नाचा चौक सुवासिनी काढत. गेरूच्या किंवा शेणामातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने. 1970 च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र कागदावर आणि कापडावर आणले, आणि रोजच्या जगण्याचे विषय त्यात भरले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; 2018 मध्ये ते वारले. त्यांच्या चित्रांतला तारपा नाच नीट पाहिला तर ध्यानात येते की तिथे सर्पिलाची रेषा काढलेलीच नाही. कमरेला हात घातलेल्या नाचणाऱ्यांची साखळी आहे, आणि ती साखळी फिरता फिरता वेटोळे होते. वाट वरून पाहिलेली, माणसे बाजूने पाहिलेली. दोन दृष्टी एकाच चित्रात. दुधी भोपळ्याचा तारपा फुंकणारा वादक आतल्या अंगाला असतो. मध्य हा इथे बिंदू नाही, सूर आहे. बाहेरचे टोक मोकळे सोडलेले असते, कारण नाच थांबलेला नाही. दोन टोकांच्या प्रश्नाला इतके साधे आणि इतके माणसांनी भरलेले उत्तर दुसरीकडे सापडणे कठीण.

आधुनिक काळात सर्पिल एकदा झळाळून उठले आणि लगेच आरोपी ठरले. ब्रसेल्समधल्या स्टॉक्ले प्रासादाच्या भोजनगृहासाठी गुस्टाव क्लिम्टने 1905 ते 1911 च्या दरम्यान जीवनवृक्षाची भित्तिपट्टी आखली. तिची प्रत्येक फांदी सोनेरी सर्पिलात वळते. क्लिम्टची कार्यरेखाटने आज व्हिएन्नाच्या त्याच संग्रहालयात आहेत जिथे रीगल नोकरीला होता. कोणत्या जागी कोणते साहित्य वापरायचे याच्या सूचना त्यांवर क्लिम्टच्या हस्ताक्षरात आहेत. त्याच व्हिएन्नात, त्याच सुमारास, आडोल्फ लोस या वास्तुविशारदाने अलंकरण म्हणजे गुन्हा असे मांडले. पापुआच्या माणसाने अंग गोंदवले तर ठीक, आधुनिक माणसाने तसे करणे म्हणजे अधःपतन, हा त्याचा युक्तिवाद. कारागिराचे श्रम फुकट जातात ही त्याची तक्रार विचारात घेण्याजोगी आहे. पण नक्षीला संस्कृतीच्या शिडीची खालची पायरी ठरवण्यात तो साफ चुकला. मोको ही बालिश सजावट नव्हती, तो दस्तऐवज होता.

लोसच्या प्रभावाने नक्षी इमारतींवरून गेली आणि बोधचिन्हांत परत आली. एअर न्यूझीलंडने 1973 पासून विमानांच्या शेपटीवर कोरू लावला. त्याआधी, 1950 च्या दशकापासून, गॉर्डन वॉल्टर्स या युरोपीय वंशाच्या न्यूझीलंडर चित्रकाराने कोरूला सरळ पट्ट्या आणि गोल टोके इतक्यावर आणून अमूर्त चित्रांची मोठी मालिका केली. चित्रे उत्कृष्ट आहेत. तरीही आकार घेतला, नाती मागे ठेवली, अशी टीका पुढे झाली आणि ती गैर नव्हती. माओरींच्या ज्ञानावर आणि कलेवर हक्क कुणाचा, याविषयीचा दावा 1991 मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणापुढे दाखल झाला. त्याचा अहवाल 2011 मध्ये आला. आक्षेपार्ह आणि अवमानकारक वापराच्या तक्रारी ऐकायला तज्ज्ञांचा आयोग नेमावा, अशी शिफारस त्यात आहे.

वारली चित्रकलेला भारतात भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळालेली आहे. त्या नोंदणीने नावाला संरक्षण मिळते. तारपा नाचाचे वेटोळे पडद्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर कुणीही छापू शकतो आणि छापले जातेही. त्यात पुष्कळदा वादक गाळलेला असतो आणि साखळी दोन्ही टोकांना जोडून गोल केलेली असते. असे चित्र छापणाऱ्या प्रत्येकाने निदान तीन गोष्टी कराव्यात: चित्र वारली चित्रकाराकडून काढून घ्यावे, त्याचे नाव छापावे आणि त्याला मोबदला द्यावा.